हत्तिणीच्या शेजारी मुकादम

मुकादमाला सकाळपासून लघवी झालेली नाही, ही बातमी टिमकीने भर दुकानात, काउंटरपाशी गिऱ्हाइकं उभी असताना, अशा काही आवाजात दिली की रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याने दारात येऊन पाहिलं.

कोट घेऊन आलेल्या बाई कोट तसाच छातीशी धरून म्हणाल्या, "अगं बाई. वय काय त्यांचं?"

"पाच वर्षं," टिमकी म्हणाली. "आणि त्यांना शेपूट आहे."

मुकादम म्हणजे टिमकीच्या घरचा बोका. राखाडी रंगाचा, रुंद तोंडाचा, चालताना खांदे असे हलवणारा की जणू कोणाचे तरी पगार कापायला निघालाय. टिमकीच्या घरची लाँड्री होती. खाली दुकान आणि धुलाई, वर राहायच्या खोल्या. रोज सकाळी मुकादम खाली उतरायचा, मळक्या कपड्यांच्या ढिगाला एक फेरी मारायचा, इस्त्रीच्या टेबलाच्या टोकावर बसायचा आणि आई इस्त्री करत असली की तिच्याकडे एकटक बघत राहायचा. "याला वाटतं आपण याच्याकडे कामाला आहोत," असं एकदा काका म्हणाला आणि नाव पडलं ते पडलंच. घरात नावं ठेवण्याचं खातं काकाकडेच होतं. टिमकीचं नावही त्याचंच. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देतानासुद्धा जिच्या घशाला कोरड पडायची, ती ही पोरगी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली काय आली, तेव्हापासून सारखी स्वतःची टिमकी वाजवत असते, म्हणून टिमकी. तिला ते नाव मनापासून आवडलं होतं. चिडवायला दिलेलं नाव एखाद्याला आवडावं, याचा काकाला जरा राग होता.

तर मुकादम ट्रेमध्ये बसला होता. मागच्या खोलीत त्याच्या वाळूचा ट्रे होता, त्यात पाठीची कमान करून, शेपूट ताठ ठेवून तो कुंथत होता आणि वाळूत एक थेंब पडत नव्हता. उठायचा, दोन पावलं जायचा, परत येऊन बसायचा. मधेच घशातून घुसमटल्यासारखा आवाज काढायचा. हे या वर्षातलं तिसरं अडणं होतं, त्यामुळे घरात कोणाला काही समजावून सांगायला लागलं नाही. आईने इस्त्री बंद केली. काकाने धुतलेले टेबलक्लॉथ पोचवायला काढलेली गाडी रिकामी केली. बाबांनी मुकादमाला कपड्यांच्या टोपलीत ठेवून वरून चादर बांधली आणि वरात दवाखान्यात निघाली.

डॉक्टरबाईंनी पोटाला हात लावला आणि लगेच म्हणाल्या, "अडलंय. सोडून जा, मी बघते."

त्यांनी टिमकीला पहिल्या खेपेलाच सगळं नीट सांगितलं होतं. बोक्याची लघवीची नळी मुळातच बारीक. तिला सूज आली, त्यात चिकट गाळ आणि बारीक खडे साठले, की बूच बसल्यासारखं होतं. वर मूत्राशय फुगत जातं, विष अंगात भिनायला लागतं, आणि वेळेत मोकळं केलं नाही तर जनावर हातचं जातं. मोकळं करायचं म्हणजे गुंगीचं औषध, नळीत नळी, पायाला सलाइन, आणि मग काही दिवस पिंजऱ्यात मुक्काम.

घरी न्यायला गेले तेव्हा मुकादमाचा एक पाय भादरलेला होता, गळ्यात प्लास्टिकचं भोंगं होतं आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला होता. बाबांनी हाक मारली तर वळूनही बघेना. बाबांना ते फार लागलं. बाबा तसे बोलणारे गृहस्थ नव्हेत. बोलायचंच झालं तर मशीनबद्दल बोलायचे.

"पुन्हा अडलं तर ऑपरेशन करू या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढचा अरुंद भाग काढून वाट रुंद करतात. बहुतेकांना बरं पडतं. पण नंतर घरी बघायला माणूस लागतं. टाक्यांवर नजर ठेवायची, चाटू द्यायचं नाही, औषधं चुकवायची नाहीत."

बाबांनी मान हलवली. "आम्ही दिवसभर मशीनवर. कोण बघणार? आणि त्याचे हाल काय करायचे अजून? पुन्हा अडलं तर नळ्या नकोत, कापाकापी नको. झोपेतच जाऊ द्या त्याला."

आई टोपलीवरची चादर उगाच सारखी करत राहिली.

"मी बघेन," टिमकी म्हणाली.

"तू?" बाबा म्हणाले. "बसमध्ये दप्तर विसरून आलेली ती तूच ना?"

"आणि एक बूट," काकाने भर घातली. "दप्तर मी समजू शकतो. एक बूट कसा विसरतं माणूस?"

"मी बघेन," टिमकी पुन्हा म्हणाली, आणि या वेळी तिचा तो व्यासपीठावरचा आवाज लागला. पिंजऱ्यातलं एक कुत्रं त्याला उत्तर म्हणून भुंकलं. "तो पुन्हा अडणारच नाही असं बघेन. तुम्ही मला शिकवाल?"

हे शेवटचं डॉक्टरबाईंना होतं. त्यांनी तिला हात धुवायला लावले आणि पिंजऱ्यातून मुकादमाला टेबलावर घेतलं. मागच्या पायांच्या जरा पुढे, पोटाखाली, टिमकीचा हात धरून त्यांनी तिला तिथे नेलं.

"दाबायचं नाही. कधीच नाही. अडलेलं असताना कोणी दाबलं तर फुटतं. हाताने फक्त विचारायचं, आहेस का म्हणून. रिकामं असेल तर हाताला फारसं लागणारच नाही. साधं भरलेलं असेल तर पाण्याच्या फुग्यासारखं लागेल. आणि अडलेलं असेल तर मोसंब्यासारखं घट्ट. कळलं?"

"कळलं."

"आणि हाताला काहीही लागो, तो कुंथताना दिसला की आधी मला फोन. शहाणपणा त्यानंतर."

त्या दिवसापासून टिमकीने घर डोक्यावर घेतलं. कोरडं खाणं बंद. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं ओलं खाणं, त्यातही कोमट पाणी घालून केलेला पातळ लगदा. मुकादमाने पहिल्या दिवशी तो हुंगला आणि बशीभोवतीची फरशी पंजाने अशी खरवडली, जशी तो ट्रेमधली घाण झाकताना वाळू ओढतो. एवढा अपमान टिमकीचा वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकांनीसुद्धा केला नसता. तिने बोटाने भरवलं, मग चमच्याने, मग त्याच्या शेजारी जमिनीवर बसून स्वतः जेवून दाखवलं. शेवटी भूक जिंकली. पाण्याचे वाडगे तर घरभर. जिन्यात, खिडकीत, काउंटरखाली. चादरींचं गाठोडं डोक्यावर घेऊन येणाऱ्या काकाचा पाय रोज एकात तरी पडायचा.

"वहिनी, मी आता होडी घेतो," तो आईला म्हणायचा. "या घरात पायी फिरण्यात अर्थ नाही."

ट्रे साफ करायचं काम आता फक्त टिमकीचं. वाळू लघवीने भिजली की तिचा गोळा होतो, आणि गोळा किती मोठा त्यावरून किती झाली ते कळतं. हे तिला एवढं महत्त्वाचं वाटायचं की ती ते जेवताना जाहीर करायची.

"आज गोळा जवळजवळ माझ्या मुठीएवढा."

"जेवताना नको गं," आई म्हणायची.

"मूठ बघू," काका म्हणायचा. "वा. मुकादम सुधारले."

बाबा काही म्हणायचे नाहीत. पण एकदा टिमकीला शाळेतून यायला उशीर झाला, तर ती घरात पाय ठेवते न ठेवते तोच ते म्हणाले, "आज लहान होता." आणि पुन्हा मशीनकडे वळले.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका दुपारी ती शाळेतून आली, आणि दुकानात पाऊल टाकताच तिला कळलं की काहीतरी बिनसलंय. काका विनोद करत नव्हता. आई इस्त्रीपाशी होती, पण इस्त्री उभी ठेवलेली. मागच्या खोलीच्या दारात बाबा हात पुसत उभे होते. हात केव्हाच कोरडे झाले होते तरी पुसतच होते.

मुकादम ट्रेमध्ये होता. तीच कमान, तेच कुंथणं.

"झालं मग," बाबा म्हणाले. एवढंच.

सगळं केलं होतं टिमकीने, एक दिवस चुकवला नव्हता. दप्तर खांद्यावरून कधी गळालं तिला कळलं नाही. पण पाय आपसूक मोरीकडे गेले, हात धुतले गेले, आणि ती फरशीवर बसली. मुकादमाला मांडीशी घेतलं. आधी बोटं त्याच्या पाठीवर नुसती ठेवली. मग पोटाखाली हात सरकवला आणि विचारलं.

मोसंबं नव्हतं. फुगाही नव्हता. तिने पुन्हा विचारलं. आत काहीतरी छोटंसं, जाडसर, आक्रसलेलं होतं, आणि मुकादमाला ते दुखत होतं, पण घट्ट असं काही नव्हतं.

"अडलेलं नाही," ती म्हणाली.

"बाळ," बाबा खाली वाकून म्हणाले, "मन घट्ट कर."

"मन घट्टच आहे, बाबा. त्याचं पोट मऊ आहे."

तिने फोन लावला. शेवटचा गोळा कधी होता, केवढा होता, वाळूत आत्ता दोन लालसर थेंब दिसताहेत, उलटी नाही, हाताला काय लागलं, सगळं एका दमात सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, तरी घेऊन या, लगेच. पुन्हा टोपली, पुन्हा गाडी. वाटेत बाबा टोपलीवर हात ठेवून बसले होते. त्या हाताकडे टिमकीला बघवेना. आपला हात चुकला असेल तर बाबा आपला शब्द खरा करणार, हे तिला माहीत होतं.

डॉक्टरबाईंनी तपासलं, मशीनवर पोटाचं चित्र पाहिलं, पुन्हा तपासलं.

"बरोबर आहे तिचं," त्या बाबांना म्हणाल्या. "जवळजवळ रिकामं आहे. सूज आहे, म्हणून सारखी लागल्यासारखी वाटते आणि होत काही नाही. पण वाट मोकळी आहे. औषधाने बसेल." मग टिमकीकडे वळून, "फोनवर मला इतकं नीट सांगणारं माणूस क्वचित भेटतं. मोठ्यांतसुद्धा."

टिमकीची छाती एवढी फुगली की गणवेशाच्या बटणाची काळजी वाटावी. काका तिच्या कानात म्हणाला, "आता महिनाभर आम्हाला हे ऐकायचंय," आणि तिच्या डोक्यावर टपली मारली.

"पण सूज परत आलीच ना," डॉक्टरबाई म्हणाल्या. "खाणं बरोबर, पाणी बरोबर. मग अशा मांजरांना बहुतेक वेळा कशाचा तरी त्रास होत असतो. भीती, धसका. घरात काही बदललंय? नवीन प्राणी? पाहुणे? आवाज, गोंगाट?"

"छे," बाबा म्हणाले.

"आमचं घर म्हणजे एकदम शांत," आई म्हणाली.

"टाचणी पडली तरी ऐकू येईल," काका म्हणाला.

डॉक्टरबाई एक पाऊल मागे सरकल्या होत्या. शेजारच्या पिंजऱ्यात एक ससा कान पाडून कोपऱ्यात गेला होता. "तुम्ही नेहमी एवढ्या मोठ्याने बोलता?" त्यांनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. "मोठ्याने?" बाबा म्हणाले, आणि बाहेर बसलेली सगळी कुत्री एकदम भुंकली.

टिमकीच्या डोक्यात ते वाक्य चिकटून बसलं. शाळेतही बाई तिला म्हणायच्या, अगं मी इथेच आहे, समोर. तिला वाटायचं, हा आपला नवा आत्मविश्वास.

परीक्षेआधीची सुट्टी लागली होती. टिमकीने पुस्तक घेतलं, मागच्या खोलीत एक रिकामी टोपली पालथी घातली आणि ट्रेसमोर मुक्काम ठोकला. रविवार होता, लाँड्री बंद. मुकादम डुलत आला, ट्रेमध्ये चढला, वाळू अशी उकरायला लागला जशी काही पाया खणून इमारत बांधायची आहे. सावकाश बसला, सावकाश उठला, नीट झाकलं, तिच्याकडे एकवार पाहिलं आणि गेला. गोळा झकास.

सोमवारी लाँड्री सुरू. मुकादम आला. एक पंजा वाळूत टाकला. आणि टिमकीला एक गंमत दिसली. ट्रेमधल्या वाळूचे दाणे चालायला लागले. आधी कडेचे, मग मधले, तव्यावर फुटाणे उडावेत तसे टुणटुण उडायला लागले. मुकादमाचे कान मागे गेले, पंजा बाहेर आला आणि तो पोट जमिनीला घासत दाराकडे पळाला.

दाणे का उडताहेत, हे तिला कळायला जरा वेळ लागला. हत्तीण पिळत होती.

हत्तीण म्हणजे धुलाईचं मोठं मशीन. हे नावही काकाचंच. हॉटेलच्या अख्ख्या मजल्याच्या चादरी ती एका घासात घ्यायची आणि शेवटी पिळायला लागली की भिंतीवरचं कॅलेंडर डोलायचं, वरच्या खोलीतल्या कपबश्या आपसात बोलायच्या. घरात सगळे हत्तिणीच्या आवाजात जन्मले, वाढले, भांडले. त्यामुळे तिचा आवाज कोणाला ऐकूच यायचा नाही आणि आपण तिच्यावरून ओरडून बोलतो हेही कोणाला ठाऊक नव्हतं. टिमकीला आत्तासुद्धा तो ऐकू आला नव्हता. तिला तो वाळूत दिसला होता.

आणि ट्रे होता हत्तिणीच्या शेजारी, तिच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत. मोरी जवळ, धुवायला सोपं, शिवाय धुतलेल्या कपड्यांपासून लांब. लाँड्रीत मांजराच्या लघवीचा वास म्हणजे धंद्याला कुलूप. म्हणून सगळ्यांनी मिळून ठरवलेली ही उत्तम जागा.

मुकादम पुन्हा आला. हत्तीण पुन्हा पिळायला लागली. तो पुन्हा गेला. संध्याकाळपर्यंत तो असा किती वेळा आला आणि गेला. शेवटी उंबऱ्यात बसून राहिला, ट्रेकडे बघत, शहाण्या माणसासारखा पाळी येण्याची वाट पाहत. दिवसभर धरून ठेवलेली लघवी दुकान बंद झाल्यावरच मोकळी व्हायची. आणि हॉटेलचं काम मिळाल्यापासून हत्तीण दिवसभर थांबायची कुठे? मुकादम पहिल्यांदा अडला तो त्याच्यानंतरच.

टिमकी बाबांकडे गेली. बाबा हत्तिणीचा पट्टा तपासत होते.

"हत्तिणीमुळे?" बाबा म्हणाले. "या मशीनने घर चालवलंय आपलं. तिच्यावर आळ घेऊ नकोस. आणि तिला आवाज आहेच कुठे? नवी मशीनं बघ कशी किंचाळतात."

"बाबा, इथे बसा."

"कुठे?"

"ट्रेपाशी. खाली. मांडी घालून."

"मला कामं आहेत गं."

"एकदाच पिळू दे तिला. तेवढा वेळ. मग मी परत विचारणार नाही."

पोरीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं. बाबा गुडघे धरून खाली बसले, त्या फटीत, मुकादमाच्या उंचीला. एवढ्या वर्षांत हत्तिणीपाशी ते उभे राहिले होते, वाकले होते, तिच्या पोटात डोकं घालून बोल्ट आवळले होते. पण बंद असताना. चालू हत्तिणीच्या शेजारी जमिनीवर ते कधी बसलेच नव्हते.

ती पिळायला लागली. बाबांनी आधी तोंडाने च् केलं. मग हात जमिनीवर टेकवला. मग तो उचलून तळव्याकडे पाहिलं. त्यांचा शर्ट पाठीवर थरथरत होता. ते टिमकीला काहीतरी म्हणाले. तिला ऐकू आलं नाही. ते पुन्हा म्हणाले, ओठ मोठे करून, मानेची शीर ताणून. तिने कानाला हात लावला आणि मान हलवली. बाबा बोलायचे थांबले. त्यांचा चेहरा असा झाला, जसं कोणीतरी ओळखीच्या माणसाबद्दल काही भलतंच सांगावं.

हत्तीण थांबली. खोलीत एवढी शांतता झाली की नळ ठिबकत होता तो ऐकू आला.

"काय म्हणत होतात?" टिमकीने विचारलं.

"काही नाही," बाबा म्हणाले. ते उठले नाहीत. ट्रेमधली वाळू बोटाने सारखी करत बसले. "म्हणत होतो, बंद कर."

वर जिन्याच्या टोकाला एक खोली होती. तिला खोली म्हणायचं धाडस फक्त बाबा करायचे. त्यात हत्तिणीच्या आधीच्या मशीनचे पट्टे, गंजलेली चाकं, डबे भरून नटबोल्ट, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेल्या मोटारी. त्या खोलीच्या भिंती जाड होत्या आणि खिडकी मागच्या बाजूच्या झाडाकडे उघडायची. त्या संध्याकाळी बाबांनी एकेक डबा उचलून बाहेर काढायला सुरुवात केली. आई जिन्यात उभी राहिली.

"लग्न झाल्यापासून सांगतेय, ही अडगळ काढा. माझी बहीण राहायला यायची होती तेव्हा निघाली नाही. हिला अभ्यासाला जागा हवी होती तेव्हा निघाली नाही."

"तुझ्या बहिणीला लघवी अडत नव्हती, वहिनी," काका मोटार उचलता उचलता म्हणाला, आणि आईने त्याला फडका फेकून मारला.

मुकादमाने नवीन जागा लगेच पसंत केली असं नाही. मुकादम कसला तो मग. टिमकीने जुन्या ट्रेमधली मूठभर वाळू नव्यात मिसळली, जुना ट्रेही होता तिथेच ठेवला आणि घाई केली नाही. त्याने खोलीची पाहणी केली, कोपरे हुंगले, बाबांचा विसरलेला एक बोल्ट पंजाने ढकलत दाराबाहेर नेला. मग एका सकाळी वरच्या ट्रेमध्ये गोळा होता. दुसऱ्या दिवशीही. खालचा ट्रे कोरडा राहू लागला तसा तो टिमकीने धुऊन ठेवून दिला.

खरी परीक्षा पुढेच होती. हॉटेलात कसलासा मोठा कार्यक्रम निघाला आणि चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ यांचे डोंगर आले. हत्तीण उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत पिळत होती. नेमकी त्याच दिवसांत टिमकीची परीक्षा. पेपर लिहिताना तिचं निम्मं डोकं जिन्याच्या टोकाला असायचं. ती धावत घरी यायची आणि दप्तरासकट वर जायची.

शेवटच्या पेपरच्या दिवशी ती आली तेव्हा हत्तीण बंद होती. भर दुपारी, ऐन कामात. टिमकी धावत जिना चढली तर वरच्या पायरीवर बाबा बसलेले, तोंडावर बोट ठेवून. त्यांच्या मागे आई, तिच्या मागे काका, हातात अर्धी घडी केलेला टॉवेल.

"काय झालं?" टिमकीने विचारलं.

"श्श," बाबा म्हणाले. आणि मग, खरोखर कुजबुजत, जे त्यांच्या तोंडून तिने जन्मात ऐकलं नव्हतं, "आत गेलाय. सकाळपासून पहिल्यांदा. नीट ऐकू यावं म्हणून बंद केली."

चौघं जिन्यात श्वास रोखून बसले. आत वाळू उकरल्याचा आवाज आला, बराच वेळ. मग काहीच नाही. मग एक बारीक, सरळ, न तुटणारा झुळझुळ आवाज, पुरेसा लांब. काकाने टॉवेल तोंडात कोंबला. आईने टिमकीचा दंड एवढा जोरात धरला की वळ उठला. मुकादम दारात आला, जिन्यात बसलेल्या सगळ्या नोकरवर्गाकडे त्याने पाहिलं आणि त्यांच्या अंगावरून चालत खाली गेला.

बाबा आत गेले. टिमकीच्या हातात खोरं देण्याऐवजी त्यांनी स्वतः गोळा काढला, खिडकीच्या उजेडात धरला आणि बराच वेळ बघितला. "तुझ्या मुठीपेक्षा मोठा आहे," ते म्हणाले.

पुढच्या तपासणीला दवाखान्यात चौघंही गेले, दुकान बंद करून. तसं काही कारण नव्हतं. डॉक्टरबाईंनी मुकादमाला चहूबाजूंनी पाहिलं, लघवी तपासली, आणि ट्रे कुठून कुठे हलवला हे ऐकताना पेन खाली ठेवलं. टिमकी सांगत होती. वाळूचे दाणे कसे उडाले ते तिने टेबलावर बोटं नाचवून दाखवलं. आवाज जरा कमी ठेवायचा ती प्रयत्न करत होती आणि तो दर दोन वाक्यांनी वर जात होता, आणि आज कोणी तिला टोकलं नाही.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "अगदी छान. पण एक सांगून ठेवते. ही मांजरं पुन्हा अडू शकतात. सगळं बरोबर केलं तरी. अशी वेळ आली तर काय करायचं ते आधी ठरलेलं बरं. मागे तुम्ही म्हणाला होतात—"

"ऑपरेशन करा," बाबा म्हणाले.

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "नंतरचं बघणं फार असतं, हे मी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत. घरी बघणारं माणूस आहे."

"ती शाळेत जाते ना पण?"

"जाते तर. पहिली येते," बाबा म्हणाले. ते काही खरं नव्हतं, भाषणात तेवढी आली होती, पण टिमकीने दुरुस्ती केली नाही. "शाळेच्या वेळात मी बघेन. काय आणि कसं, ते ती मला सांगून जाईल."

आईने मुकादमाला टोपलीत ठेवलं, चादर बांधली आणि टोपली सवयीने बाबांपुढे धरली. बाबा बाजूला सरकले. टिमकीने टोपली उचलली. मुकादम चांगलाच जड झाला होता. बाहेर बाकांवर माणसं आपापली जनावरं घेऊन बसली होती. त्यांच्या मधून ती मान ताठ ठेवून पुढे निघाली आणि बाबांनी तिच्यासाठी दार उघडून धरलं.